घाटातल्या धबधब्याचा लघुदेखावा आणि सिलिकॉनचे पाणी

आपण १:१६० या प्रमाणात, म्हणजे एन गेज या मापाच्या छोट्या मॉडेल रेल्वेगाड्यांसाठी, पावसाळी घाटाचा देखावा उभारत आहात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कड्यावरून साधारण २० सेंटिमीटर उंचीचा धबधबा आपण पारदर्शक सिलिकॉनने केला आहे आणि त्याबाबत तीन अडचणी कळवल्या आहेत. धबधबा पाण्यासारखा न दिसता खडकावर ओघळून सुकलेल्या डिंकासारखा दिसतो; फेस दाखवण्यासाठी वरून दिलेला पांढरा ॲक्रिलिक रंग पापुद्रे धरून सुटू लागला आहे; आणि पायथ्याच्या डोहात एकदम भरलेले सिलिकॉन आठवडा उलटला तरी आतून ओलेच आहे. या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. आपण सिलिकॉनकडून पाण्याची खोली, पाण्याचा रंग आणि पाण्याची नितळता या तिन्हींची अपेक्षा ठेवली, आणि हे तिन्ही त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते उत्तम देते तो वाहत्या पाण्याच्या पृष्ठभागाचा आकार: धार, पीळ, लाट, खळबळ. खोली आणि रंग यांची जबाबदारी तळाच्या रंगकामावर सोपवावी आणि सिलिकॉन वरच्या पातळ थरापुरते ठेवावे, म्हणजे याच साहित्यातून खरे वाटणारे पाणी उभे राहते.

हे असे का, ते आधी समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण पुढची सगळी कृती त्यावरच बेतलेली आहे. बाजारात मिळणाऱ्या पारदर्शक सिलिकॉन सीलंटमध्ये सिलिकॉनच्या पॉलिमरबरोबर अतिसूक्ष्म सिलिकेची भुकटी मिसळलेली असते. ही भुकटी नसती तर सीलंट नोझलमधून बाहेर पडताच वाहून गेले असते आणि उभ्या पृष्ठभागावर टिकले नसते. सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो याचे माप) सुमारे १.४१ आणि सिलिकेचा सुमारे १.४६ असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश या कणांवर थोडाथोडा विखुरतो, आणि थर जितका जाड तितका तो धुरकट दिसतो. अर्ध्या मिलिमीटरचा थर जवळजवळ स्वच्छ दिसतो. एक सेंटिमीटरचा थर दुधी दिसतो. महागडे सीलंट घेतल्याने यात थोडा फरक पडतो, पण दोष पूर्णपणे जात नाही. चकाकीच्या बाबतीत मात्र सिलिकॉन इतर साहित्यापेक्षा सरस आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असतो, त्यामुळे सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्के प्रकाश पाणी परावर्तित करते. सिलिकॉनसाठी हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आणि इपॉक्सी रेझिनसाठी, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवासाठी, ४ टक्क्यांहून अधिक येते. रेझिनच्या पाण्याला जी काचेसारखी कठीण झळाळी असते ती सिलिकॉनला नसते, आणि लहान देखाव्यात हा फरक डोळ्यांना चांगलाच जाणवतो.

दुसरी गोष्ट सुकण्याची. एका नळीत तयार मिळणारे सीलंट हवेतील बाष्प घेऊन घट्ट होते, आणि हे काम बाहेरून आत असे चालते. नेहमीच्या हवामानात २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर थर पक्का होतो. वरची साय घट्ट झाली की बाष्पाला आत जायला त्याच थरातून वाट काढावी लागते, त्यामुळे पुढचा प्रत्येक मिलिमीटर आधीच्यापेक्षा सावकाश पक्का होतो. खाली प्लास्टरला रंगाचा किंवा वॉर्निशचा थर दिलेला असला तर खालूनही बाष्प येत नाही. आपल्या डोहातले सिलिकॉन सदोष आहे असे मुळीच नाही; ते जाडीमुळे अडकले आहे आणि कित्येक आठवडे तसेच राहील. ते काढून टाकणेच योग्य, त्याची पद्धत शेवटी सांगतो.

आता डिंकाची तक्रार. देखाव्यातील पाणी फसते ते बहुतेक वेळा जाडीमुळे, आणि ही जाडी मोजून पाहिली म्हणजे कारण स्पष्ट होते. नोझलमधून सरळ काढलेली धार सहज ३ मिलिमीटर जाड असते. १:१६० प्रमाणात ती ४८ सेंटिमीटर जाडीच्या पाण्याच्या खांबाएवढी होते. घाटातल्या ओढ्याचे पाणी कड्यावरून उतरताना बहुतेक ठिकाणी हातभरही जाड नसते, खडकाला चिकटून सरकणारा पडदा तर बोटभर जाडीचा असतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे या प्रमाणात ८ सेंटिमीटर. आपले लक्ष्य इतकेच असले पाहिजे. एचओ या त्याहून मोठ्या मापाच्या मॉडेल रेल्वेच्या १:८७ प्रमाणात थोडी मोकळीक मिळते, आणि १:३५ च्या सैनिकी देखाव्यात १ मिलिमीटरची लाट साडेतीन सेंटिमीटरचीच ठरते, म्हणून तिथले कारागीर जी जाड, ठसठशीत लाट सहज करतात तिचे अनुकरण आपल्या प्रमाणात करू नये.

जाडीइतकेच महत्त्व निरीक्षणाला आहे. आपला २० सेंटिमीटरचा धबधबा प्रत्यक्षात ३२ मीटर उंचीचा ठरतो. इतक्या उंचीवरून मोकळे पडणारे पाणी अडीच सेकंदांत खाली पोचते आणि तळाशी त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या घरात जातो. वेग वाढत जातो तसा प्रवाह ताणला जातो, तुटतो, त्यात हवा मिसळते, आणि ही हवाच पाण्याला पांढरे करते. म्हणून कड्याच्या ओठावर पाणी नितळ व काळसर दिसते, कारण खालचा खडक त्यातून दिसत असतो. साधारण वरच्या चौथ्या हिश्श्यानंतर पांढरे धागे सुरू होतात. मध्यावर धारा एकमेकींपासून सुटतात. तळाशी निव्वळ फेस आणि तुषार उरतात. देखाव्यातल्या बहुतेक धबधब्यांत हा क्रम नसतो, वरपासून खालपर्यंत एकच पांढरेपण असते, आणि जाडी कमी केल्यावरही ते खोटे वाटतात ते यामुळेच.

संदर्भासाठी छायाचित्रे पाहताना एक सावधगिरी बाळगावी. कॅलेंडरांवर दिसणारे रेशमी धबधबे कॅमेऱ्याची झडप सेकंदभर किंवा त्याहून अधिक काळ उघडी ठेवून टिपलेले असतात. आपल्या डोळ्यांना पाणी तसे कधीच दिसत नाही. उलट भर उन्हात मोबाइलने घेतलेल्या चित्रात प्रत्येक थेंब गोठलेला दिसतो. देखाव्यासाठी या दोहोंच्या मधले रूप घ्यावे. धबधब्याचा व्हिडिओ लावावा आणि तो थांबवत थांबवत पाहावा. धारा कुठे जुळतात, कुठे फुटतात आणि कोणता खडक कायम उघडा राहतो हे त्यातून नीट कळते.

स्थळाची निवडही पाण्याच्या रूपाशी जोडलेली आहे. घाटातली रेल्वे आणि धबधबा म्हटले की दूधसागर डोळ्यांसमोर येतो, आणि आपणही त्याचा उल्लेख केला आहे. कॅसल रॉक आणि कुळे या रेल्वे स्थानकांच्या दरम्यानचा हा धबधबा ३१० मीटर उंच आहे. एन गेजमध्ये तो १.९४ मीटर आणि एचओमध्ये ३.५६ मीटर उंच होईल, म्हणजे टेबलावरच्या देखाव्यात त्याचा एखादा टप्पा आणि समोरचा पूल एवढेच प्रामाणिकपणे दाखवता येते. शिवाय तिथला खडक दख्खनच्या बेसाल्टचा नाही, तो ग्रॅनाइट व नाइस जातीचा आहे. त्याचे उतार, गोलावे आणि रंग वेगळे आहेत. आपण कड्याला आडव्या पायऱ्या दिल्या आहेत आणि काळा रंग दिला आहे, तो बोरघाटाचा किंवा ठोसेघरचा खडक झाला. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून बनलेल्या या बेसाल्टमध्ये पाणी टप्प्याटप्प्याने उतरते: एका थराच्या कडेवरून मोकळे पडते, खालच्या सपाटीवर आपटते, पसरते, आणि पुढच्या कडेला दुसऱ्याच ठिकाणाहून निघते. माझे स्पष्ट मत असे की आपण दूधसागराचा नाद सोडून कर्जत ते लोणावळा या मार्गालगत पावसाळ्यात फुटणाऱ्या अनामिक धबधब्यांपैकी एखादा करावा. आपल्या कड्याशी तो जुळतो आणि २० सेंटिमीटरमध्ये पूर्ण मावतो.

मग महिना ठरवावा. जूनच्या शेवटी पहिल्या मोठ्या सरींनंतर ओढे मातकट, तांबूस तपकिरी वाहतात, आणि माथ्यावर जांभा असेल तिथे तर लालसर. ऑगस्टमध्ये गवताने माती धरलेली असते, पाण्याचा मातकटपणा ओसरतो आणि धबधबा शुभ्र दिसतो. ऑक्टोबरात दोन-तीन बारीक धारा उरतात, खडक बराच उघडा पडतो आणि डोहाचा तळ दिसू लागतो. हिरवेगार ऑगस्टचे गवत आणि ऑक्टोबरचे नितळ पाणी एकाच देखाव्यात आले की पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते हे नक्की. वाऱ्याचाही विचार करावा. नाणेघाटात जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यात पाणी उलटे वर उडते हे सर्वांना ठाऊक आहे. इतके टोक गाठायची गरज नाही, पण मोकळ्या पडणाऱ्या सगळ्या धारा एकाच बाजूला किंचित कलत्या ठेवल्या तर देखाव्यात हवा असल्याचा भास होतो.

सिलिकॉनला हात लावण्यापूर्वी खडक पूर्ण व्हायला हवा. प्लास्टरचा पृष्ठभाग भुसभुशीत असतो, त्यावर सिलिकॉन लावले तर ते प्लास्टरच्या धुळीला चिकटते आणि पुढे त्या धुळीसकट उचलले जाते. म्हणून रंगकामाच्या आधी ॲक्रिलिक प्रायमरचा एक हात द्यावा. खडकाला काळा रंग देताना डबीतला निव्वळ काळा वापरू नये. काळ्यात थोडा गडद तपकिरी आणि किंचित निळा मिसळून करडी छटा करावी, उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने फिकट करडा फिरवावा. जिथून पाणी जाणार त्या पट्ट्यात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, तुषार पोचतील तितक्या रुंदीत, खडक एक-दोन छटांनी गडद करून त्यावर चकाकीचे वॉर्निश द्यावे. कोरडा खडक आणि ओला खडक यांतली ही सीमा फाटलेली, अनियमित असावी. शेवाळ, नेच्यांचे ठिपके आणि कड्याच्या फटींतले गवत याच टप्प्यावर लावून घ्यावे. धबधब्याचा निम्मा परिणाम या ओल्या खडकावर अवलंबून असतो. सिलिकॉन नंतर येते.

सिलिकॉनचे दोन प्रकार आपल्याला दुकानात मिळतील. एकाला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. त्यातून ॲसिटिक ॲसिड बाहेर पडते. दुसऱ्यावर न्यूट्रल असे लिहिलेले असते. वासाचा प्रकार स्वस्त असतो, लवकर सुकतो आणि बहुधा अधिक पारदर्शक असतो, पण त्यातले ॲसिड तांबे, पितळ आणि त्यांचे मिश्रधातू गंजवते. आपले रूळ निकेल सिल्व्हरचे असणार, म्हणजे त्यात तांबे आहेच. रूळ, बिजागरे, उघड्या तारा यांच्या जवळपास न्यूट्रल प्रकारच वापरावा. प्लास्टर आणि सिमेंटसारख्या पृष्ठभागांवरही ॲसिडच्या प्रकाराची पकड भरवशाची नसते. दिवाळीच्या किल्ल्यात आणि गणपतीच्या देखाव्यात तळ्यासाठी आरसा ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्या आरशाच्या पाठीला ॲसिडचे सिलिकॉन लागले तर मागचा मुलामा डागाळतो, तेव्हा तिथेही न्यूट्रलच. माझी शिफारस अशी की सुट्या धारा वेगळ्या कागदावर करायच्या असतील तर ॲसिडचे पारदर्शक सिलिकॉन घ्यावे, कारण पक्के झाल्यावर त्याचे ॲसिड निघून गेलेले असते, आणि त्या धारा कड्याला चिकटवायला व जागेवर करायच्या कामाला न्यूट्रल घ्यावे. दोन्ही वेळी खिडक्या उघड्या असाव्यात. न्यूट्रल प्रकाराला वास कमी येतो म्हणून त्याची वाफ निरुपद्रवी असते असे नाही.

धारा करण्याची पद्धत अशी. कड्याचा समोरून दिसणारा आराखडा खऱ्या मापाने कागदावर काढावा, त्यात पायऱ्या, कडा आणि उघडे राहणारे खडक खुणावून ठेवावेत. हा कागद काचेवर किंवा गुळगुळीत प्लायवर ठेवून त्यावर जाड पॉलिथिन ताणून चिकटवावे. पॉलिथिनला सिलिकॉन धरत नाही, काचेला मात्र घट्ट धरते, त्यामुळे थेट काचेवर काम करू नये. नोझलचे टोक अगदी बारीक कापावे, किंवा सिलिकॉन सुईविना इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून घ्यावे, आणि प्रत्येक धारेसाठी वरून खाली बारीक रेघ ओढावी. लगेच दातकोरण्याने किंवा राठ केसांच्या जुन्या ब्रशने ती रेघ खालच्या दिशेने ओढत पसरावी, इतकी की काही ठिकाणी ती जवळजवळ नाहीशी व्हावी आणि काही ठिकाणी तिला बारीक कंगोरे राहावेत. हात नेहमी वरून खालीच फिरला पाहिजे. एकदा जरी आडवा फिरला तरी तो ठसा नंतर लपत नाही. पावसाळी हवेत पाच-सात मिनिटांत वर साय धरू लागते, तेव्हा एका वेळी एक-दोन धाराच कराव्यात. साय धरल्यावर पुन्हा हात लावला तर कंगोऱ्यांच्या जागी गुठळ्या येतात.

मोकळ्या पडणाऱ्या भागासाठी उशीत भरतात त्या पॉलिएस्टरच्या तंतूंची फार मदत होते. चिमटीभर तंतू लांबीच्या दिशेने विंचरून घ्यावेत, ओल्या सिलिकॉनवर अलगद ठेवावेत आणि ब्रशने खाली ओढून आत मुरवावेत. वरच्या टोकाला तंतू नकोत, मध्याला विरळ, तळाशी दाट, आणि अगदी खालची टोके सिलिकॉनमधून सुटलेली राहू द्यावीत. कापूस वापरू नये. तो मळ धरतो, दमट हवेत ओल धरतो आणि काही महिन्यांनी पिवळट दिसू लागतो.

या धारा २४ तासांनी पॉलिथिनवरून सोलाव्यात. आता त्यांचा एक पडदा न ठेवता ब्लेडने त्यांच्या असमान रुंदीच्या पट्ट्या कराव्यात. कड्यावर आधी मागच्या, खडकाला चिकटणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, मग मोकळ्या पडणाऱ्या. प्रत्येक पट्टी वरच्या टोकाला न्यूट्रल सिलिकॉनच्या एका ठिपक्याने बसवून तिचे टोक ओल्या सिलिकॉनने ओढ्याच्या पृष्ठभागात मिसळून टाकावे, म्हणजे जोड दिसत नाही. दोन पट्ट्यांमधून खडक दिसू द्यावा. बेसाल्टच्या प्रत्येक पायरीवर पट्टी संपवावी, तिथे थोडे खळबळलेले पाणी करावे, आणि पुढची पट्टी जरा बाजूने सुरू करावी. अखंड वीस सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा तीन-चार तुकड्यांचा धबधबा अधिक उंच वाटतो.

आता रंगाची अडचण. पक्क्या झालेल्या सिलिकॉनवर ॲक्रिलिक, इनॅमल, वॉर्निश यांपैकी काहीही टिकून राहत नाही. त्याची पृष्ठीय ऊर्जा इतकी कमी असते की रंग त्याला धरतच नाही, फक्त त्यावर पडून राहतो. आपला रंग सुटणारच होता, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. सिलिकॉनला धरणारी वस्तू सिलिकॉनच आहे, म्हणून रंग त्याच्यातच मिसळावा लागतो. चित्रकारांचे तैलरंग यासाठी चालतात. चमचाभर सिलिकॉनला टाचणीच्या डोक्याएवढा टिटॅनियम व्हाइट पुरतो. याहून फार जास्त घातला तर रंगातले तेल सिलिकॉनला पक्के होऊ देत नाही. कोरडे रंगद्रव्य मिळाले तर ते अधिक सुरक्षित. धारांसाठी तीन मिश्रणे करून ठेवावीत: एक अजिबात रंग नसलेले, एक जेमतेम पांढरट, एक स्पष्ट पांढरे, आणि ती वरून खाली याच क्रमाने वापरावीत. जूनचे पाणी करायचे असेल तर पांढऱ्याबरोबर कच्चा अंबर (तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांचा लवलेश द्यावा. पाणी मातकट आहे हे जाणवले पाहिजे, रंग दिलेला आहे हे जाणवता कामा नये.

जागेवर बसवलेल्या धारांना शेवटचा हात द्यायचा असेल तर पांढरे केलेले सिलिकॉन थोड्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये घोटून ब्रशने लावता येईल इतके पातळ करावे, आणि ब्रश जवळजवळ कोरडा करून फक्त कंगोऱ्यांवरून फिरवावा. त्याआधी धारा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्याव्यात. कड्याच्या पोटात थर्माकोल असेल तर टर्पेंटाइनचा थेंबही तिकडे जाऊ देऊ नये, कारण ते थर्माकोल विरघळवते. या कामाचे ब्रश पुन्हा रंगकामासाठी वापरू नयेत. सिलिकॉनचा अंश लागलेल्या पृष्ठभागावर रंग नीट पसरत नाही, त्यात गोल खड्डे पडतात, आणि म्हणूनच देखाव्यातले पाणी सर्वांत शेवटी करण्याचा आग्रह धरावा लागतो. रूळ, पूल, झाडे, माणसे सगळे आधी रंगवून व्हावे.

डोहासाठी आपण दोन मार्गांमधून निवड करावी. पावसाळी डोहाचा तळ दिसत नाही, त्यामुळे त्याला प्रत्यक्ष खोली देण्याचे कारण नाही. प्लास्टर पूर्ण सपाट करावे, मध्ये काळपट हिरवा, कडेकडे तो उजळत मातीच्या रंगात मिसळणारा असा तळ रंगवावा, आणि धार पडते तिथे खालून हवेचे बुडबुडे वर येतात म्हणून फिकट हिरवट पांढरी छटा द्यावी. या रंगछटांमध्ये कुठेही कडक रेघ राहू नये. त्यावर चकाकीच्या वॉर्निशचे दोन-तीन हात, आणि मग जेमतेम १ मिलिमीटर जाडीचे सिलिकॉन. हा मार्ग सोपा आहे आणि जून ते सप्टेंबरच्या देखाव्यासाठी मला तोच योग्य वाटतो. ऑक्टोबरचा नितळ डोह करायचा असेल तर तळाला दगडगोटे मांडून इपॉक्सी रेझिन ३-४ मिलिमीटरच्या थरांनी ओतावे. एकदम जाड ओतले तर ते सुकताना इतके तापते की खालचे थर्माकोल वितळू शकते. रेझिन पूर्ण कडक झाल्यावर लाटांपुरता सिलिकॉनचा थर वर द्यावा. हा क्रम उलटा चालत नाही. सिलिकॉनवर ओतलेले रेझिन सुटून येते.

लाटांचा आकार देताना पाणी कुठून कुठे चालले आहे याचा विसर पडू देऊ नये. सिलिकॉन पसरल्यावर ब्रशच्या टोकाने किंवा बोटाने थोपटून लाटा उठवता येतात. भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात हत्यार बुडवले की ते चिकटत नाही. मात्र साबणाचे पाणी लागलेल्या थरावर दुसरा थर देण्यापूर्वी तो पक्का झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुवावा. धार पडते तिथे पृष्ठभाग खडबडीत, उंचसखल आणि पांढरा असतो, तिथून लाटा वर्तुळाकार बाहेर निघतात आणि काठाकडे जाताना विरत जातात. वाहत्या ओढ्यात पाण्यावर आलेल्या दगडाच्या वरच्या अंगाला पाणी किंचित फुगते आणि खालच्या अंगाला दोन फाटे फुटून त्यांच्या मध्ये शांत जागा राहते. बुडालेल्या दगडाचा फुगवटा मात्र दगडाच्या थोडा पुढे, प्रवाहाच्या दिशेने दिसतो, आणि त्याच्या शेंड्यावर पांढरे असते. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी वेगवान आणि खोल, आतल्या काठाला संथ आणि उथळ. कड्याच्या ओठाकडे येताना पृष्ठभाग गुळगुळीत होत जातो, म्हणून तिथे लाटा अजिबात करू नयेत. १ मिलिमीटरची लाट आपल्या प्रमाणात १६ सेंटिमीटरची आहे. पायथा सोडला तर याहून उंच काही नको.

पायथ्याच्या तुषारांसाठी तेच पॉलिएस्टर तंतू इतके विरळ विंचरावेत की मागचे अक्षर त्यातून वाचता यावे, आणि त्यांचा एकच लहानसा पुंजका पांढऱ्या सिलिकॉनच्या ठिपक्यांवर टेकवावा. इथे हात आखडता ठेवावा. तुषार जास्त झाले की संपूर्ण धबधबा हलका, धुराचा दिसतो.

हवामानाचे एवढे लक्षात घ्यावे की कोकणात जुलैमध्ये सिलिकॉन काही मिनिटांत साय धरते, तर विदर्भात मेमध्ये किंवा वातानुकूलित खोलीत तेच काम खूप रेंगाळते. कोरड्या हवेत देखाव्यावर खोके पालथे घालून आत पाण्याची वाटी ठेवावी. दमट भागात देखावा कायम राहणार असेल तर बुरशीरोधक घातलेले, बाथरूमसाठी विकले जाणारे पारदर्शक सिलिकॉन घेणे हिताचे, कारण सिलिकॉनच्या कडांवर येणारे काळे ठिपके नंतर निघत नाहीत.

आपल्या सध्याच्या कामाबद्दल: धबधब्याची जाड धार ब्लेडने तळापासून सोलून काढावी, तिच्याबरोबर प्लास्टरचा पापुद्रा आला तरी हरकत नाही. डोहातले ओले सिलिकॉन पट्टीने खरवडून, उरलेला अंश टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा, आणि त्या जागेचे प्लास्टर एक-दोन मिलिमीटर खरवडून नवा थर द्यावा; नुसते पुसून रंग दिला तर तो धरणार नाही. आपल्या कड्याचे खडककाम चांगले झाले आहे, ते मोडू नये. फक्त पाण्याचा पट्टा आणि डोह यांचे प्लास्टर नवे करून ओल्या खडकापासून पुन्हा सुरुवात करावी. काम पूर्ण झाल्यावर धबधब्यावर प्रकाश समोरून न टाकता एका बाजूने, जरा वरून टाकावा, म्हणजे बारीक कंगोरे उठून दिसतात. सिलिकॉनवर धूळ लवकर बसते. दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रश साबणाच्या पातळ पाण्यात बुडवून तो वरून खाली फिरवावा, मग साध्या पाण्याच्या ब्रशने साबण काढावा आणि देखावा हवेशीर जागी सुकू द्यावा.